सोफ्यावरच्या उशा

सोफा वाळूच्या रंगाचा नव्हताच. आदल्या दिवशी त्याच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, काळा चष्मा दिला, थेंबांची बाटली हातात ठेवली आणि 'बघा आता, कसं लख्ख दिसतंय' हे सगळ्या पेशंटना म्हणायचं वाक्य त्यालाही म्हणून टाकलं. तो घरी आला, दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसला, चष्मा काढून समोर बघितलं, तर सोफा फिकट जांभळा. रंग सोडणाऱ्या कपड्याबरोबर चुकून भिजलेल्या चादरीसारखा. डोळ्याला हात लावायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून त्यानं तळहात जरा लांब धरून डावा डोळा झाकला. सोफा वाळूचा झाला. उबदार, निमूट, ओळखीचा. हात उजव्यापुढे नेला. पुन्हा जांभळा. मग पडदे. उजव्याला शेवाळी, डाव्याला चक्क निळे. भिंत उजव्याला सायीची, डाव्याला कोरी पांढरी. बराच वेळ तो असा एकेक डोळा झाकत बसला. डोळा बदलला की घर बदलत होतं आणि दोन्ही घरांत तो त्याच खुर्चीत होता. आपल्याला धक्का बसायला हवा, असं त्याला वाटलं. त्यानं थोडी वाट बघितली. तसं काही झालं नाही.

सोफ्याचं कापड त्यानंच निवडलं होतं. निवडणं हाच त्याचा धंदा. घरसजावटीच्या कापडांच्या एका मोठ्या दुकानात त्यानं उभा जन्म काढला होता आणि तिथं त्याला सगळे मास्तर म्हणायचे. वास्तविक सुईत दोरा ओवायचीसुद्धा त्याची बोंब. गिऱ्हाईक यायचं ते पडद्याचा एक तुकडा, भिंतीचा एक फोटो आणि घरून अर्धवट राहिलेलं भांडण घेऊन. मास्तर काउंटरवर तागे उलगडत जायचा आणि तिन्हींचा मेळ बसवून द्यायचा. त्याचं एक ठरलेलं भाषण होतं. "मोठी फुलं एकाच कापडावर ठेवायची, ती घरातली थोरली. एक कापड पट्ट्यांचं, ते सरळ वागणारं. एक बारीक बुट्टीचं, ती लहान मुलं, कुठंही खपून जातात. पण या सगळ्यांकडे जाऊन-येऊन असलेला एक रंग पाहिजे. कुणाकडे जेवायला थांबेल, कुणाच्या दारातूनच परत फिरेल, पण गेला पाहिजे सगळ्यांकडे. तो नसला तर ते घर नाही, नुसती गर्दी." गिऱ्हाईक हसायचं आणि कापड फाडून घ्यायचं. त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्याची तर दुकानात ख्याती होती. वाळूचा सोफा, शेवाळी पडदे, खाली पट्ट्यांचा गालिचा, आणि सोफ्यावर चार कुशन, मोहरीच्या रंगाच्या जमिनीवर मोठाली शेवाळी फुलं असलेली. मालक कधीकधी एखाद्या अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला थेट घरी घेऊन यायचे. "बघा, याला म्हणतात मेळ." गिऱ्हाईक मान डोलवायचं. आता त्याला प्रश्न पडला, की ती माणसं नेमकं काय बघून मान डोलवत होती. त्यांच्या डोळ्यांना तर निळे पडदे आणि जांभळा सोफा दिसत असणार. कुशनवरची फुलं मात्र नव्या डोळ्यालाही शेवाळीच दिसत होती. म्हणजे तो जाऊन-येऊन असणारा रंग या खोलीत कुणाकडे गेलाच नव्हता, आपला कुशनवरच बसून राहिला होता. पण दुकानातला जाणता माणूस म्हणतोय म्हटल्यावर असेल बुवा, आपल्याला काय कळतंय, असं म्हणून लोक गेले असतील. काहींनी तसंच कापडही नेलं. गावभर कितीतरी खिडक्यांना त्याचा उजवा डोळा टांगलेला होता.

बायको चहा घेऊन आली. "दिसतंय का?" तिनं विचारलं. "दिसतंय," तो म्हणाला. तिनं कप ठेवला आणि ती आत गेली. त्यांचं बोलणं साधारण एवढंच असायचं. भांडण म्हणावं तर तसं काही नव्हतं. भांडायलासुद्धा दोन माणसांनी एका खोलीत जरा थांबावं लागतं. ती शाळेच्या कार्यालयात नोकरीला होती तोवर दिवसभर फी भरायला आलेल्या आया आणि दाखले मागायला आलेले बाप यांच्याशी बोलून यायची आणि घरी आली की गप्प व्हायची. मुलगा घरात होता तेव्हा दोघंही त्याच्याशी बोलायचे आणि त्याच्यामार्फत एकमेकांशी. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथंच त्यानं लग्न केलं, आता त्याला बाळ झालं होतं. त्याचा फोन आला होता. "आईला पाठवा. आम्ही दोघंही कामाला जातो, बाळाला बघायला कुणी नाही." दुसऱ्या डोळ्याचं उरकलं, थेंब संपले, की ती जाणार होती. तिकीट मुलानंच काढून पाठवलं होतं, फक्त जायचं. 'परतीचं नंतर बघू' असं तो म्हणाला होता, आणि त्यावर या घरात कुणी काही बोललं नव्हतं. आतल्या खोलीत तिची बॅग पलंगाशेजारी उघडी पडली होती. त्याच्या जुन्या डोळ्यानंही टिपलं होतं, की तिनं त्यात उन्हाळ्याचे कपडे भरले होते आणि थंडीचेही. जास्तीचा चष्मा भरला होता. आरशापाशी ठेवायची ती तिची लाकडी डबी, तीही भरली होती. जाताना माणूस काय नेतो त्यावरून तो किती दिवसांसाठी चाललाय ते कळतं. त्याला ते कळलं होतं. विचारायचं राहिलं होतं.

मग त्याचं लक्ष कुशनांकडे गेलं. ती उलटी होती. त्यात नवल नव्हतं, ती रोजच उलटी असायची. त्यानं ती शिवून घेताना एका अंगाला सुलट कापड आणि दुसऱ्या अंगाला तेच कापड उलटं लावायला सांगितलं होतं; एका कुशनमध्ये दोन कुशन, अशी ही दुकानातली हुशारी. सुलट बाजू पुढं ठेवायची हे तर शेंबड्या पोरालाही कळावं. पण तो संध्याकाळी घरी आला की चारही कुशन उलटी असायची, आणि तो चपला काढून आधी सोफ्याकडे जायचा आणि एकेक फिरवून, थोपटून, कोपरे काढून सुलट मांडायचा. बायकोला ती कुशन आहेत हेही कबूल नव्हतं. ती त्यांना उशा म्हणायची. आवराआवर करताना टाकत असेल कशीही, वेंधळेपणा, असं त्यानं कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर पुन्हा विचार केला नव्हता. आता त्यानं उजवा डोळा झाकून ती उलटी बाजू बघितली. सुलट्या बाजूला फुलांच्या कडेनं जेमतेम डोकावणारा एक पारवा धागा होता. मागं तोच धागा सगळी जमीन भरून पसरला होता. मोहरीचा रंग बारीक झाला होता आणि फुलं दबून गेली होती. तो पारवा रंग सोफ्याच्या जांभळ्याला चिकटून होता, पडद्याच्या निळ्याला ओळखत होता, गालिच्याच्या एका पट्टीतही होता. कुशन उलटी ठेवली की खोलीचा मेळ बसत होता. तो चहा तसाच ठेवून बघत राहिला. म्हणजे तिला दिसत होतं. पहिल्यापासून दिसत होतं. रोज सकाळी ती मुकाट्यानं त्याची चूक दुरुस्त करत होती आणि रोज संध्याकाळी तो ती पुन्हा करत होता. आणि ती एका शब्दानं बोलली नव्हती. एवढं जिनं सांगितलं नाही तिनं आणखी काय काय सांगितलं नसेल, हा विचार त्याच्या मनात आला. पण तोही आला आणि दुकानात डोकावून जाणाऱ्या बिनकामाच्या गिऱ्हाइकासारखा निघून गेला.

काही दिवसांनी तो कामावर रुजू झाला. पहिलंच गिऱ्हाईक एक तरुण जोडपं होतं, नवं घर घेतलेलं. "काका, आम्हाला सगळं वेगवेगळं हवंय," मुलगी म्हणाली, "पण वेगवेगळं दिसायला नको." "म्हणजे आमच्यासारखंच," तिचा नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला. तिला मोठी फुलं हवी होती, त्याला पट्टे. मास्तरानं नेहमीसारखं थोरली-धाकटीचं भाषण केलं. ते तोंडपाठ होतं, त्याला डोळे लागत नव्हते. मग त्यानं फुलांचा तागा उलगडला, त्यावर पट्ट्यांचं कापड टाकलं, आणि हात तिथंच थांबला. डाव्या डोळ्याला फुलांचा देठ आणि पट्टा यांचं हाडवैर होतं. उजव्याला ते सख्खे भाऊ होते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की कापडावर एक धुरकट, कुणाचाच नसलेला रंग यायचा. इतक्या वर्षांत त्याचा हात असा कधी अडला नव्हता; त्यानं चिमटीत कापड धरलं की गिऱ्हाइकाचा निर्णय झालेला असायचा. तो खाली वाकला, कापड दाराजवळच्या उजेडात नेलं, परत आणलं, आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. "हा पट्टा कोणत्या रंगाचा दिसतो तुम्हाला?" त्यानं विचारलं. "निळा," मुलगी म्हणाली. "हिरवा ना?" नवरा म्हणाला. "हा हिरवा? तुला डोळे तपासून घ्यायला हवेत." "अगं, सरळ सरळ हिरवा आहे. काका, सांगा हिला." दोघांना वाटलं, मास्तर आपली परीक्षा घेतोय. चारही डोळे धडधाकट, तरी एका पट्ट्यावर एकमत होईना. दोघं खूप हसली. शेवटी मुलगी म्हणाली, "असू दे. तुझ्या बाजूला बसलास की हिरवा बघ, मी माझ्या बाजूनं निळा बघीन." आणि त्यांनी तेच कापड फाडून घेतलं. जोडपं गेल्यावर मालक गल्ल्यावरून म्हणाले, "काय मास्तर, गिऱ्हाइकालाच रंग विचारायला लागलात?" "डोळा नवा आहे," तो म्हणाला. "मग काही दिवस जुन्यानं भागवा की!" मालक म्हणाले आणि पुन्हा फोनला लागले. दुपारभर तो तागे गुंडाळत बसला. गुंडाळलेलं कापड बरं, आत काय आहे ते दिसत नाही. त्याला त्या मुलीच्या आवाजाची आठवण येत राहिली. रंगाची नाही, आवाजाची. अशा आवाजात कुणीतरी त्याला कधीतरी वेंधळा म्हटलं होतं. ते कुठलं घर होतं, लग्नानंतरच्या भाड्याच्या दोन खोल्या, पडद्यांच्या जागी जुनी चादर कापून लावलेली, एका खिडकीला फुलांचा भाग आलेला आणि दुसरीला नुसती किनार. तेव्हा त्या चादरीचा रंग काय होता, हे त्यानं आठवून बघितलं. आठवलं ते सगळं पिवळसर होतं. आठवणीलाही मोतीबिंदू होतो की काय कोण जाणे.

बसमधून येताना त्याला ओळखीच्या खिडक्या दिसल्या. एका दाताच्या डॉक्टरची, एका निवृत्त इंजिनिअरची, कोपऱ्यावरच्या विमाकचेरीची. सगळीकडे त्याचे पडदे, आणि नव्या डोळ्याला एकही धड वाटेना. लोक त्यांच्यामागं जेवत होते, झोपत होते, पोरांना ओरडत होते. एका चुकीच्या रंगानं कुणाचं काही अडलेलं दिसत नव्हतं. याचं बरं वाटायला हवं होतं की वाईट, ते त्याला ठरवता येईना. तो घरी आला. चपला काढल्या. कुशन उलटी होती. सवयीनं तो दोन पावलं सोफ्याकडे गेला आणि मग वळून खुर्चीत जाऊन बसला.

बायको आतून बाहेर आली. तिनं सोफ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बरं नाही का?" तिनं विचारलं.

"का?"

"डोळा दुखतोय का?"

"नाही." त्यानं सोफ्याकडे बोट केलं. "उशा तू रोज उलट्या ठेवतेस." त्याच्या तोंडून कुशनऐवजी उशा हा शब्द निघाला.

ती दाराच्या चौकटीला टेकली.

"सोफा जांभळा आहे, हे तुला माहीत होतं."

"जांभळाच आहे की. म्हणजे काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वाळूचा म्हणालात. मला वाटलं, तुमच्या दुकानात याला वाळूचा म्हणत असतील. रंगांना काय, कुणीही काहीही नावं देतं."

"आणि उलटी बाजू पडद्याला जुळते, म्हणून तू..."

"जुळते?" तिनं सोफ्याकडे मान वळवली. पहिल्यांदाच बघावं तशी तिनं ती चार कुशन बघितली, डोळे बारीक करून. "असेल. मला कुठं त्यातलं कळतंय."

"मग?"

ती दारात उभी होती. तिच्या हातात ओला टॉवेल होता, तिनं तो या हातातून त्या हातात घेतला. "तुम्ही घरी आलात की त्या सुलट करायचात," ती म्हणाली. "चपला काढल्या की आधी तिकडेच. मी आतून बघायची. घरात मी टेबल हलवलं, घड्याळ या भिंतीवरून त्या भिंतीवर नेलं, केस कापून आले, तुम्हाला कधी काही दिसलं नाही. हे एक दिसायचं." ती हे मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तशा आवाजात सांगत होती, तक्रार नव्हती. "मुलगा गेला त्यानंतरचं आहे हे. एकदा चुकून एक उलटी राहिली. तुम्ही आलात आणि म्हणालात, 'हे कुणी केलं?' घरात आपण दोघंच, आणि विचारताय कुणी केलं." ती जराशी हसली. "पण विचारलंत. खूप दिवसांनी काहीतरी विचारलंत. दुसऱ्या दिवशी मी चारही उलट्या केल्या."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द होते, पोरालाही म्हणता येतील असे. ते तोंडापर्यंत आलेच नाहीत. "चहा टाकतेस?" तो म्हणाला. "टाकते," ती म्हणाली आणि आत गेली. त्याला स्वतःची लाज वाटली. खरीखुरी, कान गरम करणारी लाज. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, आणि तेही चहा येईपर्यंतच टिकलं.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तो दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. उजव्या डोळ्यानं, एकट्यानं. त्या डोळ्यात तिचे केस मधासारखे होते आणि चेहरा संध्याकाळच्या उन्हात बसल्यासारखा. मग डाव्यानं. केस पांढरेशुभ्र, कानामागं कापलेले, कधी कापले कोण जाणे. गालावर बारीक रेषा, डोळ्यांखाली निळसर. ही बाई दमलेली होती. मधाच्या केसांची होती ती कधी दमलेली दिसली नव्हती. उद्या ती जाणार, हे त्याच्या लक्षात आलं; गाडीनं जाणारी नव्हे, ही मधाच्या केसांची. "काय बघताय?" तिनं विचारलं. "केस कापलेस," तो म्हणाला. घडी घालता घालता तिचे हात थांबले. "बरेच दिवस झाले," ती म्हणाली, आणि पुढची घडी घातली.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली आणि वाळू गेली. शेवाळ गेलं, साय गेली. राहिलं ते एकच घर, जांभळ्या सोफ्याचं. ती रोज वेळेवर त्याच्या डोळ्यांत थेंब घालायची. तो मान मागं टाकून बसायचा आणि तिचा अंगठा त्याच्या कपाळावर टेकलेला असायचा. थेंब संपले. तो तिला स्टेशनवर सोडायला गेला. बॅग जड होती. गाडी सुटेपर्यंत ती त्याला दुधाची पिशवी, विजेचं बिल, गॅसचं बटण असं काय काय सांगत राहिली आणि तो हो हो म्हणत राहिला. परतीचा विषय तिनं काढला नाही, त्यानंही काढला नाही. गाडी हलल्यावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, पण निरोपाचा नव्हे. 'चष्मा लावा, ऊन आहे' असा.

घरी येऊन त्यानं चपला काढल्या. चारही कुशन उलटी होती. आदल्या संध्याकाळी त्यानंच ती पुन्हा सुलट मांडली होती; निघायच्या गडबडीत, बॅग, पाण्याची बाटली, कुलूप यांच्यामध्ये केव्हातरी तिनं ती फिरवली होती. तो सोफ्याजवळ गेला. हात पुढं केला, एकाचा कोपरा चिमटीत धरला. मग सोडून दिला. त्या दिवशी तो खुर्चीतच बसला. दुसऱ्या दिवशीही दुकानातून आला, चपला काढल्या, बघितलं आणि खुर्चीत बसला. सोफ्याकडे कुणी जात नव्हतं. पारव्या रंगावर धूळ लवकर दिसते, हे त्याला दुकानात गिऱ्हाइकांना सांगायची सवय होती. आता ते खरं असल्याचं दिसलं. रात्री जेवताना तो ताट घेऊन समोर बसायचा. खोलीचा मेळ अगदी बसलेला होता. त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

फोन तिचाच यायचा. बाळ रांगायला लागलं, सुनेची बदली व्हायची आहे, मुलाचं पोट बिघडलं होतं. मग त्याचे डोळे, त्याचं जेवण. "बरं आहे," तो म्हणायचा. "ठेवते," ती म्हणायची. एकदा मुलगा मध्येच फोन घेऊन म्हणाला, "बाबा, आई इथंच रमलीय हं. तुम्हीच या आता." मागून बाळाचा आवाज आला, कुणीतरी भांडं पाडलं, आणि मग फोन पुन्हा तिच्याकडे गेला.

"काय म्हणत होता तो?" तिनं विचारलं.

"काही नाही. तू रमलीस म्हणाला."

तो सोफ्याकडे बघत होता.

"उशा सुलट केल्यात ना?" तिनं एकदम विचारलं.

"नाही."

"अजून नाही? इतके दिवस? का?"

त्याला उत्तर माहीत होतं. ते कितीतरी दिवस त्या खोलीत त्याच्यासमोरच पडून होतं. फक्त ते तोंडानं म्हणायचं होतं.

"मी सुलट केल्या तर मग उलट्या कोण करणार?" तो म्हणाला.

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. बाळही गप्प होतं. त्याला वाटलं, फोन कट झाला. तो कानाला घट्ट लावून तसाच उभा राहिला.

"राहू द्या तशाच," ती म्हणाली. "मी आले की करा."